पट्टीवरचा पाय

गल्लीत त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणतात. बाईंनी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, आणि तेही शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. एकतीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसून आपण अर्ध्या गावाला रस्त्यावर आणलं, हा मास्तरांचा ठरलेला विनोद. हातात एक बारीक छडी असायची. मारायला नाही, ज्याचा पाय क्लचवर रेंगाळेल त्याच्या घोट्याला हळूच टोचायला. गिअर पडला की पाय काढून घ्यायचा असतो, पण नवशिक्याचा पाय तिथेच ठाण मांडून बसतो आणि त्याचं त्याला ठाऊकही नसतं. "माणूस तोंडाने खोटं बोलेल, पायाने नाही बोलायचा," असं मास्तर म्हणत.

लग्नानंतरच्या वर्षी त्यांनी बाईंनाही शिकवायला घेतलं होतं. आठ दिवस गोदामामागच्या मैदानात गाडी गचके खात फिरली. आठव्या दिवशी छडी टोचली तशा बाई गाडीतून उतरल्या आणि तडक घरी चालत आल्या. पुन्हा त्या सीटवर बसल्या नाहीत. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही, आणि झालं असतं तर बाईच जिंकल्या असत्या.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली म्हणावी तर पूर्ण गेली नाही. डोक्यात वाक्य तयार असतं, पण दारातून एक-दोन शब्दच बाहेर येतात आणि बाकीचे आतच राहतात. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, उजवा पाय समोरच्या स्टुलावर, डाव्या हातात काठी. तेव्हापासून घर बाईंच्या कामावर चालतं. बाईंचं काम म्हणजे टायपिंग.

साधं टायपिंग नव्हे. डॉक्टर लोक रुग्ण तपासून झाले की त्याचा अहवाल तोंडी बोलून ठेवतात. तो आवाज एका कंपनीकडे जातो आणि तिथून बाईंसारख्यांच्या घरी. कानाला हेडफोन, हात की-बोर्डवर, आणि टेबलाखाली पायाशी एक पेडल. पेडलला तीन पट्ट्या. मधली दाबली की आवाज चालतो, पाय उचलला की थांबतो. डावी दाबली की आवाज मागे जातो, उजवीने पुढे. एकोणीस वर्षं बाईंचा उजवा पाय त्या मधल्या पट्टीवर राहिला आहे. हृदयाच्या एका डॉक्टरांचं काम त्यांच्याकडे चौदा वर्षं होतं. डॉक्टर वाक्याच्या मधेच खोकतात, कधी शब्द गिळतात, कधी काहीतरी चघळत बोलतात. पण बाई एकेक वाक्य तीनतीनदा, चारचारदा मागे नेऊन ऐकायच्या आणि गिळलेला शब्द बाहेर काढायच्या. डॉक्टरांचं तोंड त्यांनी कधी पाहिलेलं नाही. पण त्यांना सर्दी झाली की बाईंना रुग्णांच्या आधी कळायचं.

तर मंगळवारी कंपनीकडून पत्र आलं. कंपनीत काम वाटणारी एक बाई आहे, तिला घरात वाटपवाली म्हणायची पद्धत. तिने लिहिलं होतं की तुमच्या कॉम्प्युटरवरची सिस्टीम जुनी झाली, ती आता धोक्याची धरली जाते, येत्या सोमवारपासून असल्या कॉम्प्युटरला आमच्याकडे प्रवेश नाही. सोमवारी दुपारी बारापर्यंत एक चाचणीची फाइल टाइप करून पाठवा. नाही आली तर तुमचे डॉक्टर दुसऱ्याला दिले जातील. खाली 'शुभेच्छांसह' असंही होतं. नोकरी काढून घेताना शुभेच्छा देणारी माणसं कुठल्या घाण्यातून काढतात कोण जाणे.

बाई कॉम्प्युटर पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारा.

"ताई, नवी सिस्टीम या मशीनवर चढायची नाही," तो म्हणाला. "नवं मशीन घ्या."

"दुसरं काही सांगा."

त्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि ड्रॉवरमधून एक पेनड्राइव्ह काढला. "मग ही घ्या. लिनक्स. फुकट आहे. जगभरातले लोक मिळून बनवतात, आणि कसं बनवलं तेही उघडं ठेवतात. जुन्या मशीनवर पळते. तुमच्या कंपनीला चालते का?"

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात चालणाऱ्या सिस्टीमची यादी होती. तिच्यात हे नाव होतं.

"मग झालं की. पण सांगून ठेवतो, काही अडलं तर कंपनीला फोन लावू म्हणाल, तर कंपनीच नाही. आपलं आपण शोधायचं. धर्माची गाय, दात का गं नाय, असं विचारायचं नाही."

"मला कुठे दात मोजायला वेळ आहे," बाई म्हणाल्या.

गुरुवारी मास्तरांची आंघोळ, जेवण, औषधं आवरून बाई बसल्या. पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर चालू केला, आणि त्याने आधी विचारलं की नुसतं वापरून बघायचंय की कायमचं बसवायचंय. हा प्रश्न बाईंना आवडला. एवढ्या आयुष्यात कशाबद्दलही त्यांना कुणी 'आधी वापरून बघा' म्हटलं नव्हतं, लग्नात नाही आणि नोकरीतही नाही. त्यांनी वापरून पाहिलं. मग चहा केला, मास्तरांना पाजला, आणि कायमचं बसवलं.

पहिला दिवस पासवर्डने खाल्ला. काही नवीन बसवायचं म्हटलं की एक काळी चौकट उघडायची, तिच्यात आज्ञा लिहायची आणि मग पासवर्ड. बाई पासवर्ड टाइप करायला लागल्या की पडद्यावर काहीच उमटेना. एक ठिपका नाही, चांदणी नाही. त्यांना वाटलं की-बोर्ड गेला. की-बोर्ड उपटून पुन्हा लावला, उलटा करून झटकला, त्यातून बिस्किटाचा चुरा पडला तेवढाच. दीड तासाने कुठेतरी वाचायला मिळालं की इथे पासवर्ड दिसतच नाही, तुम्ही आपलं टाइप करा आणि विश्वास ठेवा. बाईंनी कपाळावर हात मारला. शिवाय प्रत्येक आज्ञेच्या शेवटी त्यांचं करंगळीशेजारचं बोट आपसूक पूर्णविराम देत होतं, आणि यंत्र म्हणत होतं अशी आज्ञा मला ठाऊक नाही. चूक यंत्राची नव्हती, हे त्यांना संध्याकाळी कळलं.

पण शुक्रवारी सकाळपर्यंत बरंच जमलं होतं. पडदा चालला, हेडफोन चालला, कंपनीचं पान उघडलं. घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. पेडल चालेना.

नव्या सिस्टीमला पेडल दिसत होतं, पण कुठली पट्टी कशासाठी, हे तिला सांगावं लागणार होतं. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम होता. तो म्हणायचा: पाय पेडलवरून काढा, एंटर दाबा, आणि मग डावी पट्टी दाबा. पट्टी दाबली की तिचा नंबर पडद्यावर येणार. असं तिन्ही पट्ट्यांचं करायचं. बाईंनी पाय काढला, एंटर दाबलं, आणि डाव्या पट्टीकडे पाय नेईनेईपर्यंत पडद्यावर 'दोन' उमटलंसुद्धा. उजवीलाही दोन. मधलीलाही दोन. पुन्हा केलं, पुन्हा दोन. तीन पट्ट्यांना एकच नंबर म्हणजे सिस्टीमच्या लेखी पट्टी एकच, आणि एका पट्टीवर कंपनीचं काम होत नाही.

बाईंनी या सिस्टीमवाल्यांच्या चर्चेच्या पानावर प्रश्न टाकला. तासाभरात उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याने स्वतःचं नाव 'गंजका खिळा' असं ठेवलं होतं. कुठला, काय वयाचा, काही पत्ता नाही. पण माणूस सोशिक. हे करून बघा, ते करून बघा, काय दिसतं ते जसंच्या तसं इथे चिकटवा, असं तो सांगत राहिला आणि बाई करत राहिल्या.

त्या करत असतानाच मागून मास्तरांचा आवाज आला. "पाय."

बाई उठल्या. मास्तरांचा उजवा पाय स्टुलावरून घसरतो, दिवसातून वीस वेळा तो उचलून ठेवावा लागतो. पाय घसरलेला नव्हता. तरी त्यांनी तो थोडा सरळ केला आणि परत येऊन बसल्या.

"पाय... वर," मास्तर म्हणाले.

बाईंनी स्टुलावर उशी ठेवली आणि पाय उशीवर ठेवला. मास्तरांनी डावा हात हवेत झटकला. हा झटका बाईंच्या ओळखीचा होता; त्याचा अर्थ नको, किंवा राहू दे, किंवा तुला अक्कल नाही. तिन्हींतला कुठला हे शोधायला बाईंकडे सवड नव्हती.

शनिवारी तेच. पडद्यावर दोन, दोन, दोन, आणि मागून "पाय". बाईंनी तेल लावून चोळला. सूज आहे का दाबून पाहिलं. दुपारी नणंदेचा फोन आला, तिलाही त्या म्हणाल्या की तुमचा भाऊ सारखा पाय-पाय करतोय.

"अगं वहिनी, नीट बघ हं," नणंद म्हणाली. "रक्ताची गाठ-बिठ नसेल ना? तू आपली त्या कॉम्प्युटरला चिकटलेली."

"चिकटले नाही तर खायचं काय वन्सं?" बाई म्हणाल्या, आणि नणंदेने विषय हवापाण्यावर नेला.

रविवारी बाईंचं डोकं भणभणत होतं. तीन दिवसांत डोळे सुजले होते, कंबर धरली होती. गंजक्या खिळ्याने सगळं तपासलं आणि दुपारी लिहिलं की ताई, वाईट वाटतं सांगायला, पण तुमच्या पेडलच्या आतल्या तारा एकमेकींना चिकटल्या असाव्यात. सिस्टीमचा दोष दिसत नाही. पेडल बदला. तसलं पेडल आता बाजारात मिळत नव्हतं आणि नवं मागवलं तर यायला दोन आठवडे. सोमवार मात्र वेळेवर येणार होता.

"पाय," मास्तर म्हणाले. "पाय... पाय..." काठी जमिनीवर आपटून म्हणाले.

बाई खुर्चीतच वळल्या. "तुमच्या पायापलीकडे जगात दुसरं काही आहे की नाही? दोन वर्षं तुमचा पायच उचलते आहे मी. माझे हातपाय गळाले, ते कुणी उचलायचे?"

मास्तरांनी काठी मांडीवर घेतली. चार वाजता चहा नेला तर त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. बाईंनी चहा तिथेच ठेवला, तो निवून गेला. त्यांना बोलल्याचं वाईट वाटलं, पण माफी मागायलाही अंगात थोडा जीव लागतो, तो नव्हता.

सोमवारी सकाळी आवराआवर होईपर्यंत सव्वादहा झाले. पेडलचा प्रोग्रॅम काल तसाच उघडा राहिला होता, एका कोपऱ्यात. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी वाटपवालीला पत्र लिहायला घेतलं. 'चाचणीची फाइल पाठवणं जमणार नाही. माझं पेडल नादुरुस्त आहे. तरी माझ्याकडचे डॉक्टर आपण दुसऱ्या कुणाकडे...' इथे त्या थांबल्या. चौदा वर्षं ज्याचा खोकला ओळखला तो माणूस एका ओळीत देऊन टाकायचा, याचं त्यांना रडू आलं. आलं तसं गिळलं आणि हात पुन्हा की-बोर्डवर ठेवले.

तेवढ्यात त्यांच्या उजव्या घोट्याला काहीतरी टोचलं.

बाई दचकल्या. टेबलाखाली की-बोर्डचा खण पुढे आलेला, त्यामुळे बसल्या जागेवरून त्यांना स्वतःचे पाय दिसत नसत. त्या मागे सरकल्या आणि वाकून बघितलं. मास्तर खुर्चीतून अर्धे पुढे झुकले होते, कसे तोल सांभाळून होते कोण जाणे, आणि डाव्या हाताने काठी लांब करून तिचं टोक त्यांनी बाईंच्या घोट्याला लावलं होतं. आणि बाईंचा पाय मधल्या पट्टीवर होता. तळवा अख्खा टेकलेला, अगदी ऐसपैस.

बाईंनी पाय काढला. कोपऱ्यातल्या प्रोग्रॅममध्ये कालपासून साचलेल्या 'दोन'च्या रांगेखाली आता नवं काही उमटेना.

त्यांनी मुद्दाम हात की-बोर्डवर ठेवले आणि वाकून पायाकडे पाहत राहिल्या. हात टेकले तसा पाय आपणहून उठला, जरा पुढे गेला आणि मधल्या पट्टीवर जाऊन बसला. बाईंनी त्याला सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षांत त्याला सांगावं लागलंच नव्हतं. एंटर दाबायला हात गेला की पाय आपल्या जागी हजर, आणि वापरून मऊ झालेली पट्टी नुसत्या ओझ्याने दबत होती. तारा जागच्या जागी होत्या. तीन दिवस ती पट्टी बाईच दाबत होत्या.

मग त्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीतच मांडी घालून बसल्या. तसं बसून एंटर दाबलं. मग उजवा पाय खाली सोडून, जपून, डावी पट्टी दाबली.

एक.

पुन्हा मांडी. पुन्हा एंटर. मधली, दोन. पुन्हा मांडी. उजवी, तीन.

बाईंनी वाटपवालीचं अर्धं पत्र पुसलं. चाचणीची फाइल उघडली, हेडफोन लावला, पट्टीवर पाय ठेवला. कुणा अनोळखी डॉक्टरचा आवाज चालू झाला, पाय उचलला तसा थांबला, डाव्या पट्टीने मागे गेला. बारा वाजायला सोळा मिनिटं असताना फाइल गेली. दहा मिनिटांनी वाटपवालीचं उत्तर आलं: ठीक आहे, तुमचे डॉक्टर तुमच्याकडे. शुभेच्छांसह. गंजक्या खिळ्याला त्यांनी एवढंच लिहिलं की पेडल चांगलं आहे, पाय माझा होता. त्याने काय समजायचं ते समजो.

मग त्या उठून मास्तरांच्या खुर्चीशी गेल्या. मास्तर आता मागे टेकून बसले होते. त्यांचा पाय स्टुलावरून खरोखरच घसरला होता. बाईंनी तो उचलून ठेवला.

"तुम्ही माझ्या पायाचं सांगत होतात," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली.

"कधीपासून?"

मास्तरांनी डावा हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

बाईंनी ती बोटं बघितली आणि त्या स्टुलाच्या कडेला टेकल्या. एका परक्या माणसाने खोकत-खोकत गिळलेला शब्द त्या चारदा मागे जाऊन काढत. त्याचेच त्यांना पैसे मिळत. आणि हातभर अंतरावर बसलेला माणूस तीन दिवस एकच शब्द घेऊन बसला होता, तर तो पुरता ऐकून घ्यायच्या आधीच त्यांनी उशी आणली, तेल आणलं, आणि शेवटी तोंड टाकलं. त्यांना लाज वाटली. असली लाज, की जी दुसऱ्या कुणाला सांगून हलकी होत नाही.

"परत बोला," त्या म्हणाल्या. "काय सांगायचं होतं ते सगळं बोला. मी मधे उठत नाही."

मास्तरांनी तोंड उघडलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. बाहेर एक दुचाकी गेली, शेजारच्यांच्या टाकीचं पाणी भरून वाहायला लागलं. बाई बसून राहिल्या.

"क्लच," मास्तर म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "तेव्हा... पण."

तोंडाची डावी बाजू हसली. उजवी आता हसत नाही. बाईंना आठ दिवस, ते मैदान आणि घरापर्यंतची ती चाल आठवली, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "हो. तेव्हा पण तुमचंच बरोबर होतं."

दुपारी काम सुरू झालं. चार दिवसांच्या फाइली तुंबल्या होत्या. पहिलीच हृदयाच्या डॉक्टरांची निघाली. ते खोकत होते. बाईंनी हेडफोन घेतला आणि एकच कान झाकला, डावा. उजवा कान खिडकीच्या बाजूला असतो, तो उघडा ठेवला. तसं केल्याने गिळलेले शब्द पकडायला जड जातं, एक फाइल संपायला आधीपेक्षा वेळ लागतो. वाटपवालीने नंतर दोनदा विचारलं की हल्ली वेग का कमी झाला. बाईंनी सांगितलं, सिस्टीम नवी आहे.